महागडी ऑडिओ सिस्टिम घेतल्याने संगीत खरंच चांगलं ऐकू येतं का? दीड लाखापर्यंत बजेट आहे, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय.

स्पीकरवर घातलेले पैसे ऐकू येतात, केबलवर घातलेले येत नाहीत. दुकानदार काहीही सांगो.

आमच्या भावोजींनी मोठी सिस्टिम घेतली तेव्हा वडील हयात होते. भावोजींनी त्यांना समोर बसवून मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं लावलं आणि मध्येच म्हणाले, "बघा बाबा, इतकी वर्षं त्या खोक्यावर तुम्ही गाणं ऐकलंच नाही." खोकं म्हणजे वडिलांचा ट्रान्झिस्टर. सकाळी आकाशवाणीवर तोडी चालू असताना गवयाचा ऋषभ केसभर चढा लागला, तर दाढी करता करता वडिलांचा हात तिथल्या तिथे थांबायचा. अशा माणसाला हे ऐकवलं! वडील काही बोलले नाहीत, मला मात्र ते आजही सलतं.

भावोजींची नुसती स्पीकर केबल माझ्या अख्ख्या सिस्टिमहून महाग. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून साधी जाड तांब्याची वायर आणली, भावोजींना पाठमोरं बसवलं आणि भाच्याला अ‍ॅम्पच्या मागे. त्याने कधी केबल जोडायची, कधी वायर, कधी नुसतीच खुडबुड करून आहे तेच ठेवायचं. "आता तंबोरा कसा मोकळा झाला बघ," असं भावोजी म्हणाले तेव्हा वायर जोडलेली होती. ते अजून व्होल्टेजला दोष देतात. अहो, चार-पाच मीटर जाड तांब्याचा रोध आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य असतो, त्यात ऐकू येण्यासारखा फरक उरणार कुठून?

हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या फाइल्सचंही तेच. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या ४४,१०० नमुन्यांत, २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज नीट मावतो. माणसाचा कान त्यापलीकडे जात नाही आणि वय वाढतं तसा अलीकडेच थांबतो. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेत चाचण्या घेतल्या, त्यात ऐकणाऱ्यांना एसएसीडी (सीडीच्या वरच्या दर्जाची डिस्क) आणि सीडीच्या दर्जाचा आवाज वेगळा ओळखता आला नाही.

तुमचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरना द्या आणि ते कोपऱ्यात कोंबू नका, खर्ज नुसता घुमत राहतो. फरशी उघडी असेल तर सतरंजी टाका, जाड पडदे लावा, पुस्तकांचं कपाट त्याच खोलीत आणा. घेण्याआधी एखाद्या घरगुती बैठकीत माईकशिवायचा तंबोरा ऐकून या, नाहीतर दुकानात ताडून कशाशी बघणार?

याचा अर्थ अगदीच स्वस्त काहीतरी उचला असा नाही. मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा येतच नाही, आणि तबला ऐकणाऱ्याला ते चालणार नाही. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ऐकत असाल तर स्पीकर आणखी मोठे लागतील.

आणि घरात कुणी वडीलधारं जुन्या रेडिओवर ऐकत असेल, तर नव्या सिस्टिमपुढे बसवून "आता कळलं ना?" असं त्यांना विचारू नका. त्यांना काय ऐकू येतं ते आधी विचारा.