फ्रीझियाला पाने आली, पण फुले नाहीत: पुण्याच्या हवेसाठी उत्तर

सप्टेंबरच्या मध्यास पश्चिमेकडच्या गॅलरीत लावलेल्या फ्रीझियाच्या कंदांना भरपूर पात आली, पण एकही दांडा निघाला नाही, आणि आता मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागल्यामुळे कंद टाकून द्यावेत की पुढच्या वर्षासाठी फ्रीजमध्ये ठेवावेत, असे तुम्ही विचारले आहे. कंद टाकू नका, आणि फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका.

फ्रीझिया मूळची दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे तिचा कंद उन्हाळाभर तापलेल्या कोरड्या मातीत निद्रिस्त राहतो, गारव्याबरोबर येणाऱ्या पावसात उगवतो आणि हिवाळा सरता सरता फुलतो. पाने चांगली वाढू लागली की कंदाच्या शेंड्याशी फुलांचा दांडा घडू लागतो, आणि तो नीट घडण्यासाठी त्या काही आठवड्यांत माती साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअस इतकी गार लागते. माती सतत वीस अंशांच्या वर राहिली तर रोप पानांवर पाने काढत बसते. सप्टेंबरच्या लावणीमुळे तुमच्या रोपांची ही नाजूक अवस्था ऑक्टोबरच्या उन्हात सापडली, आणि त्यात पश्चिमेच्या उन्हाने कुंडीच तापली असणार.

म्हणून पुण्यात लावणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत करावी, म्हणजे दांडा घडण्याची वेळ डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत येते. त्याहून उशीर केल्यास कळ्या फेब्रुवारीअखेरच्या उकाड्यात सापडतात, दांडे आखूड राहतात आणि फुले लवकर कोमेजतात. जागा पूर्वेकडची, सकाळचे तीन-चार तास ऊन मिळणारी निवडा. हवेपेक्षा मातीच्या तापमानाकडे लक्ष देणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि बहुतेकांचे नेमके तिथेच दुर्लक्ष होते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीऐवजी मातीची कुंडी घ्या, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून उडत राहते आणि माती गार राहते. शिवाय ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली तर आणखी फरक पडतो. दुपारी दोनच्या सुमारास मातीत बोट खुपसून पाहा: आत कोमट लागत असेल, तर कुंडी लगेच सावलीकडे सरकवा.

कंद टोक वर ठेवून ५ सेंमी खोल आणि एकमेकांपासून ५ ते ८ सेंमी अंतरावर लावावेत. माती, जाड वाळू आणि जुने कुजलेले शेणखत यांचे निचरा होणारे मिश्रण पुरते. सुपर फॉस्फेट हे रासायनिक खत मात्र घालू नका, कारण त्यातल्या फ्लोराइडने फ्रीझियाच्या पानांची टोके जळतात. उगवेपर्यंत पाणी बेताने द्यावे, कळ्या दिसू लागल्यावर माती कोरडी पडू देऊ नये. मावा आणि फुलकिडे यांवर निंबोळी अर्काची फवारणी करावी, कारण मावा मोझॅक विषाणूही पसरवतो. पानांवर या विषाणूचे फिकट पट्टे उमटलेले रोप कंदासह काढून टाकणेच योग्य.

फ्रीझियाचा दांडा वर जाऊन कळ्यांच्या खाली जवळजवळ काटकोनात वळतो आणि त्या आडव्या भागावर फुले एका रांगेत आकाशाकडे तोंड करून उमलतात. हा भार एकाच बाजूला पडत असल्याने दांडे लोळतात, तेव्हा पात वीतभर झाल्याबरोबर काड्या रोवून सुतळीचे आडवे फेर घाला. फुलदाणीसाठी दांडा पहिली कळी उमलू लागताच कापावा. उरलेल्या कळ्या पाण्यात एकामागून एक उमलतात.

आता तुमच्या हातातल्या कंदांविषयी. पाने पिवळी पडणे हा निद्रेचा नैसर्गिक आरंभ आहे. पाणी कमी करत बंद करा, पण पाने पूर्ण वाळेपर्यंत कापू नका, कारण पुढच्या कंदाचे पोषण त्यांच्यातूनच होते. नंतर माती उकरली की जुन्या सुकलेल्या कंदावर नवा कंद बसलेला आणि आजूबाजूला लहान पिल्ले चिकटलेली दिसतील. जुना भाग हाताने सोडवून टाका, नवे कंद सावलीत वाळवा आणि जाळीच्या पिशवीत हवेशीर खोलीत टांगून ठेवा. पावसाळ्यात कंद कुंडीत राहिले तर कुजतात, म्हणून हे काम मेअखेरपर्यंत उरकावे. निद्रा मोडण्यासाठी त्यांना सुमारे ३० अंशांची ऊब १० ते १३ आठवडे लागते. ट्युलिपच्या कंदांना लावणीआधी गारवा लागतो, तो नियम इथे लागू होत नाही: फ्रीजच्या गारठ्यात कोंब फुटण्याऐवजी जुन्या कंदावरच नवा कंद तयार होण्याचा धोका असतो आणि त्या हंगामात रोप उगवतच नाही. बुरशीचा डाग दिसलेला किंवा दाबल्यावर मऊ लागणारा कंद ताबडतोब वेगळा काढा. पिल्ले वेगळ्या कुंडीत लावा. त्यांना फुलण्याजोगे होण्यास आणखी एखादा हंगाम द्यावा लागेल.