नळ बंद असताना गळत नाही, पण उघडल्यावर हँडलखालून पाणी गळते, प्लंबरने वायसर बदलूनही थांबत नाही. मी स्वतः पूर्वी कधीच असे काम केलेले नाही. घरच्या घरी दुरुस्त करता येईल का?

करता येईल, आणि निम्मे निदान तुमच्या प्रश्नातच आहे. नळ बंद असताना गळत नाही, उघडल्यावरच हँडलच्या बुडातून पाणी येते, असे तुम्ही लिहिले आहे. वायसर नळाच्या तळाशी असतो आणि बंद नळातून पाणी वर येऊ न देणे एवढेच त्याचे काम असते. तो झिजला, तर नळ बंद करूनही तोटीतून थेंब पडत राहतात. नळ उघडला की मात्र पाणी वायसर ओलांडून नळाच्या पोटात भरते आणि हँडलला जोडलेल्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, कडेने वर सरकू लागते. तेथे त्याला अडवते ते स्पिंडलभोवतीचे पॅकिंग, म्हणजे दोऱ्यासारखे भरण, किंवा रबरी ओ-रिंग, आणि पॅकिंगवर आवळलेला ग्लँड नट. त्यामुळे प्लंबरने वायसर बदलूनही फरक पडला नाही, यात आश्चर्य नाही. बिघाड त्याच्या वरच्या मजल्यावर आहे.

आधी पाणी बंद करावे. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे या नळाचे पाणी बंद करणारा छोटा कॉक, बंद केला की बहुधा काम भागते. परंतु तो वर्षानुवर्षे फिरवलेला नसेल, तर जोर लावू नये, कारण त्याच्याही स्पिंडलभोवती पॅकिंग असते आणि ते सुकलेले असले, तर एकाऐवजी दोन गळके नळ पदरात पडतात. तसे असल्यास घराचा मुख्य कॉक बंद करावा. मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींत असा कॉक नसतोच. गच्चीवरच्या टाकीतून निघालेली एक लाइन वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या घरांना पाणी देते आणि तिचा व्हॉल्व्ह बंद केला, तर खालच्या बिऱ्हाडात साबण लावून उभा असलेला माणूस तुमच्या नावाने बोटे मोडतो. म्हणून सोसायटीत आधी सांगून दुपारची वेळ घ्यावी. चाळीत पाणी थेट महापालिकेच्या लाइनवरून ठरावीक वेळीच येत असेल, तर ती वेळ टळल्यानंतर निवांतपणे काम करता येते.

पाणी बंद केल्यावर नळ पूर्ण उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे आणि बेसिनच्या भोकावर फडके टाकावे. ते टाकायचे राहिले, तर स्क्रू नेमका तेथूनच जातो. हँडलवरची लाल-निळी टिकली सुरीच्या टोकाने उचलली की खाली स्क्रू दिसतो. तो काढून हँडल सरळ वर ओढावे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत क्षार साचून हँडल घट्ट बसलेले असते. त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके काही वेळ गुंडाळून ठेवावे, हातोडी मात्र मारू नये. हँडलखाली चकचकीत टोपण असेल, तर तेही फिरवून काढावे.

आता स्पिंडलभोवतीचा नट दिसेल. पान्याच्या जबड्याला कापड गुंडाळून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेऱ्याहूनही कमी आवळावा, पाणी सुरू करावे आणि पाहावे. पॅकिंगचे नळ बऱ्याचदा एवढ्यानेच गळायचे थांबतात, आणि माझ्या मते नवशिक्याने काहीही विकत आणण्यापूर्वी हे करून पाहिलेच पाहिजे. हँडल जड फिरू लागले, तर नट जास्त आवळला गेला आहे असे समजून किंचित सैल करावा.

त्याने भागले नाही, तर पाणी पुन्हा बंद करून नट उलटा फिरवून काढावा. आत दोऱ्यासारखे पॅकिंग असेल, तर जुने टोकदार वस्तूने कोरून काढावे आणि टेफ्लॉन टेप पिळून त्याची दोरी करून ती स्पिंडलभोवती, नट आवळण्याच्याच दिशेने, गुंडाळून वर नट बसवावा. ओ-रिंग असेल, तर नळ उघड्याच स्थितीत ठेवून स्पिंडलचा सगळा भाग पान्याने काढावा आणि तोच घेऊन जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जावे. नळ अर्ध्या इंचाचा, म्हणजे १५ मिलिमीटरचा आहे, एवढ्या माहितीवर ओ-रिंग मिळत नाही, कारण ते माप पाइपच्या जोडाचे असते, स्पिंडलच्या खाचेचे नव्हे. रिंग बसवताना थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे. अनेक घरांत खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावतात. ते टाळावे, कारण त्याने काही जातींचे रबर फुगते.

हे सारे जुन्या पद्धतीच्या, म्हणजे बंद करायला दोन-तीन फेरे द्यावे लागणाऱ्या, नळाविषयी झाले. तुमचा नळ पाव फेऱ्यात उघडत असेल, तर आत सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज असते; ते दुरुस्त करण्यात वेळ न घालवता त्याच कंपनीचे आणि त्याच मापाचे नवे आणून बसवावे. प्लास्टिकचा नळ असेल, तर पूर्ण नळच बदलणे शहाणपणाचे, कारण त्याचे आटे पान्याच्या जोराने लवकर जातात. पितळी नळाच्या अंगाला चीर दिसली, तरीही तेच करावे. नळ भिंतीत दडवलेल्या पाइपावर असेल आणि फिरवताना भिंतीतला जोडही हलू लागला, तर तेथेच हात थांबवून प्लंबरला बोलवावे. तो जोड सुटला, तर फरशा फोडाव्या लागतात.

काम झाल्यावर नळ पूर्ण उघडून तोटीचे तोंड क्षणभर बोटाने दाबून धरावे. आतला दाब वाढतो आणि राहिलेली गळती असेल, तर ती हँडल बसवण्यापूर्वीच दिसते.