वाचकांचे प्रश्न : टेनिसपटू ते प्रशिक्षक

प्रश्न (पणजी) : फिलिपिन्सचा सेसिल ममीट जागतिक क्रमवारीत 72वा होता, पुढे प्रशिक्षक झाला, असे वाचले. टेनिसमध्ये फारसे नाव नसलेल्या देशातून असा खेळाडू कसा घडला? गोव्यात हे जमेल का?

उत्तर : तो घडला लॉस एंजेलिसमध्ये. 1976 साली जन्मही तिथलाच, आईवडील फिलिपिनो. 1996 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिल्याच वर्षी त्याने अमेरिकन महाविद्यालयांचे एकेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि व्यावसायिक टेनिस गाठले. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान होजेच्या स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोचला. उपांत्य सामन्यात आंद्रे आगासीला अपशब्दांबद्दल पंचांनी बाद केले होते, हा नशिबाचा भाग. अंतिम सामन्यात मार्क फिलिपुसिसने त्याला हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो 72वा झाला. फिलिपिन्सकडून तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उतरला आणि 2006च्या दोहा आशियाई खेळांत एकेरीचे, तसेच एरिक टायनोबरोबर दुहेरीचे कांस्य जिंकला. त्या दुहेरीचे सुवर्ण आपल्या पेस-भूपतीकडे आले.

आजची टेनिसपटू अ‍ॅलेक्स इआला मात्र फिलिपिन्समध्ये जन्मली, पण लहान वयातच स्पेनमधल्या मायोर्काला नदालच्या अकादमीत गेली. गोव्यातल्या पालकांनी यातून एवढे घ्यावे : पाया इथे नीट होतो, पण तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर आठवड्याला दोन-तीन नवे, तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवेत. ते इथे मिळत नसतील तर बाहेर खेळायला न्यावेच लागते. ममीटची उंची 5 फूट 8 इंच. एवढ्या उंचीला सपाट सर्व्हिस जाळ्यावरून जेमतेम जाते, म्हणून फिरकीची दुसरी सर्व्हिस आणि रिटर्न यांवर आधी वेळ घालावा. आपली बहुतेक मुले याच मापाची असतात.

प्रश्न (मडगाव) : मुलगा एकवीस वर्षांचा. राष्ट्रीय स्पर्धा खेळला, आता शिकवायचे म्हणतो. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) प्रशिक्षक अभ्यासक्रमाची पहिली पातळी नवशिके व मध्यम खेळाडूंना शिकवण्यासाठी, दुसरी प्रगत आणि तिसरी उच्च कामगिरीच्या खेळाडूंसाठी असते. भारतात हे अभ्यासक्रम अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत होतात. थेट दुसरीवर डोळा ठेवू नये. आधी एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षभर लहान मुलांना बास्केट द्यावी, म्हणजे टोपलीतले चेंडू एकामागून एक सरावाला द्यावेत (यालाच फीड म्हणतात).

चांगला खेळाडू इथेच चुकतो. त्याचा हात सवयीने जोरात चालतो, चेंडू खोल आणि वेगात जातो, आणि सात वर्षांचे पोर मागे सरकत नुसते बचाव करते. म्हणून पहिले काही आठवडे रॅकेटने फीड करूच नये. मुलापासून दोन-तीन मीटरवर उभे राहून हाताने चेंडू टाकावा, कमरेइतका उसळेल असा. दुसरी चूक बोलण्याची. एका फटक्यावर ग्रिप, खांदा, पाय असे तिन्ही सांगितले की मूल काहीच करत नाही. दहा चेंडूंना एकच सूचना, तीही वीस सेकंदांत. तिसरी चूक रांगेची : आठ मुले एका ओळीत उभी केली तर तासात प्रत्येकाला जेमतेम पाच-सात मिनिटे मिळतात, आणि मागची मुले रॅकेटने एकमेकांना मारत बसतात. चार जोड्या करून छोट्या कोर्टांवर आपापसांत रॅली करू द्यावी, आपण फिरत राहावे.

चेंडूंचे गणित पाठ हवे. नेहमीच्या पिवळ्यापेक्षा लाल साधारण 75 टक्के मंद, नारिंगी 50, हिरवा 25. 2012 पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत हेच वापरायचा आयटीएफचा नियम आहे. पालक 'खरा पिवळा बॉल कधी?' म्हणून मागे लागतात. त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. जुन्या पिवळ्या चेंडूची परीक्षा सोपी : 254 सेंटीमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडला तर तो 135 ते 147 सेंटीमीटर उसळायला हवा. फारच कमी उसळला तर सर्व्हिसच्या सरावाला वेगळा काढावा.

प्रश्न (फोंडा) : पावसाळ्यात चार महिने कोर्ट ओले. मुलांचा सराव कसा टिकवायचा?

उत्तर : बॅडमिंटनचा हॉल शोधा. ते कोर्ट 13.40 मीटर लांब, 6.10 रुंद, लाल चेंडूचे कोर्ट जास्तीत जास्त 12.80 बाय 6.10. म्हणजे आखणी जवळजवळ तयारच. जाळे 80 सेंटीमीटरवर उतरवा. लाकडी फरशीवर लाल चेंडू घसरतो, तिथे स्पंजचा घ्या. खुणा न उमटवणाऱ्या तळव्याचे बूट सक्तीचे करा, नाहीतर हॉलवाले पुढच्या आठवड्यात दार उघडणार नाहीत. मोठ्या मुलांना भिंतीवर स्प्लिट स्टेपसह (फटक्याआधीची दोन्ही पायांची छोटी उडी) व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) द्या. बाहेरचे कोर्ट उघडीप मिळाली तरी पाय ठेवून पाहिल्याशिवाय वापरू नका. जुलैत रेषांवर शेवाळ धरते आणि पाय नेमका तिथेच निसटतो.