मॉडेलिंगसाठी ८५ हजार भरावेत का?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. वय १७, उंची ५ फूट ६ इंच. तिला मॉडेलच व्हायचं आहे. एका संस्थेने पोर्टफोलिओ आणि ग्रूमिंगचे ८५ हजार रुपये मागितलेत, काम नक्की मिळेल म्हणतात. भरू का? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, भरू नका. खरी एजन्सी आधी काम मिळवून देते आणि त्या मानधनातून आपलं कमिशन कापून घेते. कामाआधीच पैसे मागणाऱ्यांचा धंदा मुलींच्या फीवर चालतो. आणि ‘काम नक्की’ असं तर नावाजलेली एजन्सीही सांगू शकत नाही, कारण चेहरा शेवटी क्लायंट, म्हणजे काम देणारी कंपनी, निवडतो.

एजन्सीला पहिल्यांदा हवे असतात ‘डिजिटल्स’, म्हणजे अगदी साधे फोटो. खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय, केस मागे बांधून, अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि जीन्स घालून. समोरून, बाजूने, पाठीमागून आणि एक चेहऱ्याचा जवळून. तुम्हीच मोबाइलवर काढा. उंची आणि मापं खरी लिहा, कास्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष निवडीच्या वेळी, मापाची टेप लावतातच. मुंबईच्या एजन्सींना हे ईमेलने पाठवता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

आता उंची. मुंबईची उज्ज्वला राऊत १९९६ साली ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ झाली आणि पुढे परदेशातल्या मोठ्या रॅम्पवर चालली. मुलीच्या डोळ्यांसमोर असंच काही असेल, तर तिला आजच खरं सांगा. लॅक्मे फॅशन वीकसारख्या रॅम्पवर मुलींची उंची साधारण ५ फूट ८ इंच किंवा जास्त लागते, कारण नमुन्याचे कपडे त्या मापाने शिवलेले असतात. तिच्यासाठी ते दार जवळपास बंद आहे. दागिने, साड्या, जाहिराती, ऑनलाइन विक्रीचे कॅटलॉग यांत मात्र उंचीची अट सैल असते आणि बहुतेक मॉडेल्सचं घर याच कामावर चालतं. कष्ट भरपूर आहेत. दिवसभर कपडे बदलत उभं राहायचं आणि शेवटच्या फोटोतही ताजं दिसायचं. पैसे हातात यायला दोन-तीन महिने सहज लागतात, तोवर मुंबईचं भाडं कुठून देणार याचा हिशेब आधी मांडा. म्हणूनच पदवी सोडू देऊ नका. उपाशी राहून वजन उतरवायला कुणी सांगितलं, तर ते काम नाकारा.

१८ पूर्ण होईपर्यंत तिने एकटीने केलेला करार कायद्याने ग्राह्य नाही, त्यामुळे तुमची सही मागतील. सही करण्याआधी दोन गोष्टी पाहा. एजन्सीशी किती वर्षं बांधून घेतलंय, आणि फोटो कुठे व किती काळ वापरणार. वेबसाइटसाठी काढलेला फोटो होर्डिंगवर लावायचा असेल, तर त्याचे वेगळे पैसे ठरवून घ्या. कास्टिंगला तुम्ही सोबत जा. हॉटेलच्या खोलीवर बोलावलं तर जाऊच नका.

बारावीची परीक्षा झाली की डिजिटल्स पाठवा. संस्थेने आगाऊ रक्कम घेतली असेल, तर ती आताच लेखी परत मागा आणि पावती जपून ठेवा.