पुतळ्यापुढे चप्पल कशाला काढायची?

ईशा,

काल इथे मॉन्ट्रियलला कॉन्कॉर्डिया विद्यापीठाजवळच्या चौकात डॉक्टर बेथ्यूनच्या पांढऱ्या पुतळ्यापाशी तू म्हणालीस, "आई, याच्या डोक्यावर कबुतरं बसतात, कुणाला काही वाटत नाही. मग सोलापूरला डॉक्टर कोटणीसांच्या पुतळ्यापुढे आबांनी मला चप्पल का काढायला लावली? देव आहे का तो?" इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे म्हणालीस, "आणि तो तर सोलापूर सोडून गेला, परत आलाच नाही. तुझ्यासारखाच." तेवढ्यात बस आली म्हणून मी सुटले. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितेय. उपदेश करायचा नाहीये, कंटाळा आला तर सोडून दे.

आमच्या लहानपणी पुतळे म्हटलं की चार हुतात्मा चौक. १२ जानेवारीला शाळेची प्रभातफेरी तिथे जायची. कॅनव्हासचे बूट आदल्या रात्री खडूने पांढरे करायचे, आणि सकाळी थंडीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही चारही नावं पाढ्यासारखी म्हणत निघायचं. १९३१ साली त्याच तारखेला इंग्रजांनी त्यांना येरवड्यात फाशी दिलं. एवढी मोठी गोष्ट, पण खरं सांगू? आमचं अर्धं लक्ष गड्ड्यात. संक्रांत दोन दिवसांवर, गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, पाळणे लागलेले. सुमामावशी तर घोषणा देता देता मला विचारायची, "यंदा किती पैसे मिळणारेत गं तुला?"

पुतळे धुताना बघायला मात्र मला फार आवडायचं. शिडी लावून एक माणूस पाइपने पाणी मारायचा आणि काथ्याने कानामागची कावळ्यांची घाण खरवडून काढायचा. दुसऱ्या दिवशी हारांवर हार. मग फुलं गळून जायची आणि नुसता दोरा गळ्यात लोंबत राहायचा, कितीतरी दिवस. ते मला तेव्हाही बरं वाटायचं नाही, आजही वाटत नाही. आबा येता-जाता छत्रीच्या टोकाने तो दोरा ओढून काढायचे. हाराचा एवढा सोस असलेल्या गावात दोरा काढायला आबाच का लागायचे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हा तुझा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

आता कोटणीस. भैय्या चौकातलं ते घर तू पाहिलंस, १० ऑक्टोबर १९१० ला ते तिथे जन्मले. आमच्या घरी ही गोष्ट रात्री जेवताना, कडक भाकरी शेंगाचटणीशी खाताना निघायची. जपानने चीनवर हल्ला केला. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच भारतीय डॉक्टर तिकडे गेले. त्यांतले चार परत आले. कोटणीस जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर आघाडीवरच्या जखमींवर उपचार करत राहिले. एकदा ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या म्हणतात. तुझा हा कबुतरंवाला बेथ्यून, मॉन्ट्रियलचा डॉक्टर, तोही तिथे चीनमध्येच होता, १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापून, रक्तात विष भिनून गेला. त्याच्या नावाने जे रुग्णालय उभं राहिलं, त्याचे प्रमुख पुढे आपले कोटणीस झाले. म्हणजे मॉन्ट्रियल आणि सोलापूरची ओळख आपल्याही आधीची आहे, ईशा! त्यांनी तिथेच परिचारिका असलेल्या क्वो छिंगलानशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि तो चार महिन्यांचाही नसताना ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्याच्या झटक्याने ते गेले. बत्तीस वर्षांचे होते. लढाईतले वीर, पण हातात बंदूक नाही, म्हणून आम्हा पोरांना ही गोष्ट जरा फिकी वाटायची.

आबांच्या तोंडी मात्र ती एका ठिकाणी थांबायची. कोटणीस चीनमध्ये चुंगकिंग शहरात पोचले आणि वडील गेल्याची बातमी आली. परत यायला हवं होतं, ते पुढे गेले. इथे आबा भाकरीचा तुकडा ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा की, बाप गेला तरी माणूस फिरला नाही." त्यांच्या आवाजात अभिमान असायचा, असंच मी धरून चालले.

मी कॅनडाला आले त्यानंतर आबांनी ही गोष्ट माझ्यासमोर पुष्कळदा सांगितली, तुलाही परवा भैय्या चौकात सांगितली. चुंगकिंग त्यात नव्हतं. तुझ्या लक्षात येणं शक्य नाही, माझ्या आलं.

तेव्हा "तुझ्यासारखाच" नको म्हणूस. मी नोकरीसाठी आले, चांगला पगार होता, घर हवं होतं, तुझ्या बाबांचंही इकडेच ठरत होतं. त्यात वाईट काही नाही, पण जखमी सैनिकांशी त्याचा संबंध नाही. आणि तरी, गाव सोडून गेलेल्या माणसालाही सोलापूर आपला म्हणतं, हे मला बरं वाटतं. स्वार्थ आहे माझा त्यात, असू दे.

चप्पल काढायलाच हवी असं मी म्हणणार नाही. बेथ्यूनपुढे तर मुळीच काढू नकोस, बर्फात पाय गारठतील. मी स्वतः काढते, सवय आहे म्हणून, आणि आबा बघत असतात म्हणूनही.

रविवारी त्यांचा फोन येईल तेव्हा हा प्रश्न त्यांनाच विचार, अर्धा तास सांगतील. फक्त कोटणीसांच्या वडिलांचं तू काढू नकोस. काढायचं की नाही ते आबांचं त्यांना ठरवू दे.

आई