तीनचा केक कुठे आहे?

प्रिय मावशी,
मी नाशिकला राहते, बँकेत नोकरी करते. बेकिंगची मनापासून आवड आहे. मुलाचा वाढदिवस ८ फेब्रुवारीला असतो आणि त्याचा केक दर वर्षी मी घरीच करते. गेल्या वर्षी सहाच्या आकड्याचा केला, तीन रात्री जागून त्यावर फोंडंटचे, म्हणजे साखरेच्या मऊ लगद्याचे, डायनासोर बसवले. पण सासूबाईंना कशाचं कौतुक नाही. अंडं चालत नाही, मेणबत्ती फुंकायची नाही, औक्षण हवंच आणि तेही तिथीने. धाकटीच्या तिथीला तर सकाळी सकाळी तिचं वेगळं औक्षण नि शिरा, मला ऑफिसला उशीर. तिचा वाढदिवस १९ फेब्रुवारीला असतो. दोनदा दगदग नको म्हणून गेल्या वर्षीपासून दोघांचा मिळून ८ तारखेलाच करतो. १९ला शिवजयंतीची सुट्टी, ती माहेरी जायला बरी पडते. धाकटीला अजून काही कळत नाही. जिन्याच्या पायऱ्या दहापर्यंत मोजते, पण वय विचारलं की तीन वर्षांची असून 'दोन' म्हणते! गेल्या वर्षी केक कापताना ती मध्येच पुढे घुसली, मोठ्याने रडून गोंधळ घातला आणि सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "असल्या केकपायी लेकरं रडतात." नवरा म्हणतो, यंदा बेकरीतून आणू. माझ्या मेहनतीची या घरात कुणाला किंमत नाही. यंदा सातचा केक करू की नको?
– एक आई, नाशिक

अगं, सातचा केक कर किंवा करू नकोस, त्याने काही बिघडत नाही. मला सांग, तीनचा केक कुठे आहे?

तुझं पत्र इथे निम्मं छापलंय. उरलेल्या निम्म्यात सगळा सहाचा केक आहे. डायनासोरच्या पाठीवरचे काटे कात्रीने कसे काढलेस, हिरव्या रंगाच्या दोन छटा का लागल्या, फोंडंट सुकून तडकू नये म्हणून काय काय गुंडाळून ठेवलंस, सहाचं पोट कापताना आतला गोल कसा सांभाळलास. मन लावून केलं आहेस, शंकाच नाही. पण तो केक दोघांचा होता ना? मग तीनचा आकडा कुठे होता? कोपऱ्यात, कडेला, निदान एखादी तीनची मेणबत्ती? मी पत्र परत परत वाचलं. कुठेच नाही.

आणि वर लिहितेस, ती पुढे घुसली.

आपल्याच वाढदिवसाच्या केकपाशी आलेल्या मुलीला कुणी 'घुसली' म्हणतं का गं? 'आज तुझाही वाढदिवस' असं तुम्हीच तिला सकाळी सांगितलं असणार. नवा फ्रॉक घातला असणार. मग सगळे टाळ्या वाजवायला लागल्यावर ती टेबलापाशी आली, यात तिचं काय चुकलं? तुझ्या मनात तो दिवस मोठ्याचाच होता, आणि हे त्या घरात सगळ्यांत आधी तिला कळलं. तिला काही कळत नाही, हे तू म्हणतेस. मला तर वाटतं, तिने तुम्हाला वर्षभर अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलंय आणि तुम्ही ते हसण्यावारी नेलंत.

ती 'दोन' का म्हणते, याचा विचार केलास का? दहापर्यंत मोजणाऱ्या मुलीला दोननंतर तीन येतात हे माहीत असतं. तिचा दुसरा वाढदिवस तुम्ही वेगळा केला होता. तिच्यासाठी केक आला, तिने कापला, सगळे म्हणाले, 'आता तू दोन वर्षांची झालीस.' ती झाली. त्यानंतर दादाचा सहाचा केक आला आणि दादा सहा वर्षांचा झाला. तिचा तीनचा केक आलाच नाही. मग ती तीन वर्षांची कशी होणार? ती अजून दोनवरच थांबून तुमची वाट बघतेय.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॅकलिन वूली नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या. एका मुलाचा वाढदिवस नेहमीसारखा झाला, एकाची पार्टी काही कारणाने झालीच नाही, एकाच्या दोन पार्ट्या झाल्या. आता सांगा, कोण किती वर्षांचं? ज्याची पार्टी झाली नाही ते मूल मोठं झालंच नाही, असं सांगणारी मुलं त्यात होती. दोन पार्ट्या झाल्या म्हणजे वय दोनदा वाढलं, असं म्हणणारीही होती. या वयाच्या मुलाला कॅलेंडर कळत नाही, पण आपल्यासाठी घर एका जागी जमलं की नाही, हे बरोबर कळतं. तुझी मुलगी चुकीचं उत्तर देत नाहीये. तिच्यापुरतं ते अगदी हिशोबात बसणारं उत्तर आहे.

आता तुझ्या सासूबाईंकडे येते. तुला वाटत होतं, मी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

तू त्यांच्या तक्रारींची यादी दिलीस आणि त्यातच एक ओळ आपसूक निसटली: धाकटीच्या तिथीला तिचं वेगळं औक्षण आणि शिरा. तुझ्या लेखी ही त्यांची कटकट आहे, कारण तुला उशीर होतो. मी ती ओळ वाचली आणि मला त्या बाईंना नमस्कार करावासा वाटला. पाटावर एकटी तीच बसलेली. समोर आजी, हातात तबक, त्यात निरांजन, सुपारी, अंगठी. कपाळाला कुंकू, त्यावर अक्षता. दादा बाजूला उभा. वर्षातून तेवढी पाच मिनिटं त्या घरात तिला एकटीला बसवून कुणीतरी ओवाळतं, आणि तेवढ्यात तू पर्स शोधत असतेस. लागेल तसं लागू दे तुला हे.

सासूबाईंना त्यांचा स्वतःचा वाढदिवस कधी विचारला आहेस? विचार. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी माणसांच्या दाखल्यावर १ जून असतो. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे, आणि वर्गातली निम्मी मुलं एकाच दिवशी जन्मलेली निघायची. खरा दिवस आईच्या लक्षात असायचा तो तिथीने, नाहीतर 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' अशा खुणेने. तुझ्या सासूबाईंचं नेमकं काय, मला माहीत नाही. पण तिथीला इतकं धरून बसणाऱ्या बाईला आपला दिवस दुसऱ्याच्या दिवसात मिसळला गेला की काय होतं, हे ठाऊक असू शकतं. आणि 'असल्या केकपायी लेकरं रडतात' हे त्या चारचौघांत बोलायला नको होतं. पण खोटं बोलल्या नाहीत.

आता १९ तारीख. माझ्या तर गळी उतरत नाही ही गोष्ट. महाराजांची जयंती महाराष्ट्र १९ फेब्रुवारीला करतो आणि फाल्गुन वद्य तृतीयेलाही करतो. तारखेवाले तारखेला, तिथीवाले तिथीला, अनेक गावांत दोन्ही दिवशी मिरवणूक निघते. त्याच दिवशी जन्मलेल्या तुमच्या मुलीला मात्र स्वतःची एक तारीख परवडत नाही? तुझी बँक बंद, शाळा बंद, नवरा घरी, सासूबाई घरी. वर्षातल्या इतर कुठल्याही दिवशी जन्मली असती तर 'सुट्टी नाही गं' म्हणायला जागा होती. इथे सरकारने सुट्टी दिलीय आणि तुम्ही ती घेऊन माहेरी निघता.

बाकीचे वाद पटकन मिटवते, कारण ते इतके मोठे नाहीत. अंडं नको तर घालू नकोस. दह्यातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की केक फुगायचा तो फुगतो. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. औक्षण आधी, केक नंतर. मेणबत्तीचं पुढे सांगते. आणि बेकरीतून आणायचा की घरी करायचा, हे मोठ्याच्या केकबाबत नवरा म्हणेल तसं कर. आणलास तर एक रात्र नीट झोप मिळेल.

माझं म्हणणं एवढंच आहे: यंदा १९ फेब्रुवारीला, त्याच दिवशी, त्या मुलीचा केक झाला पाहिजे. तिचा एकटीचा, चारचा. आणि तो तिने स्वतःच्या हाताने ढवळलेला असला पाहिजे.

फोंडंट आणू नकोस. ते समोर आलं की तू पुन्हा रात्री जागशील आणि पुन्हा केकला मुलीपेक्षा जास्त वेळ मिळेल. साधा रव्याचा केक कर. सकाळी नाश्ता झाला की तिला ओट्यापाशी स्टुलावर उभी कर. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, एक वाटी दही, पाव वाटी पातळ तूप. हे सगळं तिला घालू दे आणि तिला ढवळू दे. सांडेल. रवा ओट्यावर जाईल, दही फ्रॉकवर जाईल. तू फडकं हातात घेऊन उभी राहू नकोस. मग पंचवीस मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण काढल्यावर रवा फुगून मिश्रण घट्ट झालेलं असतं. मघाशी चमचा गरगर फिरत होता, आता फिरवायला जोर लागतो. हे तिच्या हाताला कळू दे. 'आत काय झालं?' असं ती विचारेल, तेव्हा उत्तर दे, 'थांब, नंतर सांगते' म्हणू नकोस. लागेल तसं दूध, थोडी वेलची. डब्याला आतून तुपाचा हात तिच्या बोटांनी फिरू दे. बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा मात्र तू घाल, अगदी शेवटी, आणि घातलास की लगेच ओव्हनमध्ये. वाट बघत ठेवलंस तर सगळा जोर बाहेरच जातो. १८० अंशांवर तीसेक मिनिटं, मग सुरी घालून बघ.

त्या तीस मिनिटांत भांडी घासायला जाऊ नकोस. ओव्हनची काच तापते, म्हणून दोन हात लांब पाट टाक, तिला मांडीवर घे आणि दोघी बसून केक वर येताना बघा. तुला बेकिंगची आवड आहे ना? मग त्यातली ही सगळ्यांत चांगली जागा आहे आणि ती तू आजवर रात्री एकटीने बघत आलीस.

मेणबत्ती नकोच. केक गार झाला की वर जॅमचा पातळ हात दे आणि टुटीफ्रुटीने चारचा आकडा काढ. तिला ओळखता येईल तसा चार. ठिपके तिला लावू दे, रेघ वाकडी गेली तर सरळ करायला जाऊ नकोस. सासूबाईंना आदल्या दिवशीच सांग: 'आई, उद्या सकाळी तारखेनेही एकदा ओवाळा तिला, आणि ओवाळताना चार वर्षांची झाली म्हणून सांगा.' तिथीचं औक्षण त्यांचं आहे तसंच राहू दे. आणि त्या दिवशी पाच मिनिटं उशिरा निघ, बँक कुठे पळून जात नाही. माहेरी जायचंच असेल तर केक कापून झाल्यावर दुपारी जा. त्यातला तुकडा डब्यात घाल, तिच्या त्या आजीलाही मिळू दे.

राहून गेलेला तीनचा केक भरून काढायला जाऊ नकोस. एका दिवसात दोन केक नकोत, 'तीन तर कधीच झालीस तू' अशी समजूतही नको. एखादा दिवस ती 'दोन, मग चार' म्हणेल. म्हणू दे. पण तिला एवढं सांग की तीनचा केक करायचा आई-बाबांकडून राहिला. तीन वर्षांच्या मुलीला खरं सांगितलेलं समजतं.

आणि ८ तारखेला मोठ्याच्या केकशी तिला फक्त बहीण म्हणून उभी कर. त्या दिवशी तिचा वाढदिवस नाही, हे तिला आधी नीट सांग, आणि लगेच तिचा दिवस कॅलेंडरवर दाखव. ११ घरं पुढे. तिला दहापर्यंत येतात, अकरावं तू मोज.

मोठा १९ला रडेल, ही तुझी पुढची शंका, मला दिसतेय. रडेल, रुसेल, 'माझा पण केक' म्हणेल. तो आता सात वर्षांचा होतोय, त्याला समजावता येतं. दोन वर्षं तिच्यासमोर त्यालाच सगळं मिळालं तर त्याला तेच रीतीचं वाटणार, त्याचाही दोष नाही. फुगे त्याच्याकडून फुगवून घे, बश्या मांडायला सांग, पहिला तुकडा बहिणीला भरवायचा मान त्याला दे. सुरीला मात्र त्याचा हात लागता कामा नये.