उजवं पान

नौपाडा, ठाणे

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. फंक्शनल ॲनालिसिसच्या, म्हणजे अनंत मितींच्या स्पेसेसच्या गणिताच्या, पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा. ‘सगळी प्रूफं पाठ होती, तरी असं कसं?’ हे तू तीनदा विचारलंस. पाठ होती म्हणूनच, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तू कुर्ल्याच्या पुलावर गर्दीत उभी होतीस, म्हणून गप्प बसले. आता निवांत लिहिते. ऐरोलीच्या गाडीत बसायला मिळालं तर वाच.

आधी माझी फजिती सांगते. एमएससीला असताना मी पेपरात ठोकून दिलं होतं, ‘सिक्वेन्स बाउंडेड आहे, म्हणून तिची एक सबसिक्वेन्स कॉन्व्हर्ज होते.’ म्हणजे अनंत रांग मर्यादेत राहिली की तिच्यातून निवडलेली एखादी रांग एका बिंदूकडे सरकतेच. सरांनी समासात तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला : कुठे? मला आधी रागच आला. बीएस्सीची तीन वर्षं हे वाक्य बिनतक्रार चाललं होतं. चाललं होतं, कारण तेव्हा आम्ही तीन-चार मितींच्या अंगणातच खेळत होतो.

आता एल-टू घे, म्हणजे ज्यांच्या पदांच्या वर्गांची बेरीज सांत असते अशा अनंत सिक्वेन्सेसची स्पेस. पहिल्या जागी १ आणि बाकी सगळी शून्यं, ही ई-वन. दुसऱ्या जागी १ ती ई-टू. अशा अनंत. प्रत्येकीचा नॉर्म, म्हणजे लांबी, १. आणि कुठल्याही दोघींमधलं अंतर? वर्गमूळ २, म्हणजे जवळपास १.४१४. कुणी कुणाच्या जवळ सरकतच नाही, मग सबसिक्वेन्स कॉन्व्हर्ज होणार कुठून? संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये जे जन्मात जमायचं नाही ते इथे जमतं. एकाच युनिट बॉलमध्ये, म्हणजे लांबी १ पर्यंतच्या बिंदूंत, अनंत जणी, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही. नॉर्म असलेल्या स्पेसचा क्लोज्ड युनिट बॉल कॉम्पॅक्ट असतो (त्यातल्या प्रत्येक सिक्वेन्सची एक सबसिक्वेन्स त्यातच कॉन्व्हर्ज होते) तो फक्त मिती सांत असेल तेव्हाच, ही रीसची गोष्ट. ती वाचताना ई-वन, ई-टू डोळ्यांसमोर उभ्या राहायला हव्यात.

म्हणून एक दोनशेपानी वही आण. डाव्या पानावर थिअरम, तोही आपल्या मराठीत. उजव्या पानावर त्यातली एकेक अट काढून टाकायची आणि काय मोडतं ते लिहायचं. प्रूफ वहीत नको, ते पुस्तकात आहेच.

एक पान मीच भरून दाखवते. युनिफॉर्म बाउंडेडनेस, बानाख आणि स्टाइनहाउस, १९२७. (आम्ही सगळे खुशाल ‘बॅनॅक’ म्हणायचो. पोलिश माणूस ‘बानाख’ म्हणतो. मार्क कापत नाहीत, पण माणसाचं नाव आहे.) डावीकडे : कम्प्लीट स्पेसवरच्या (जिथे आपापसांत जवळ सरकत जाणाऱ्या प्रत्येक सिक्वेन्सचा टोकाचा बिंदू स्पेसमध्येच असतो) सतत रेषीय फंक्शनल्सनी (बिंदूला एक संख्या देणाऱ्या फंक्शन्सनी) प्रत्येक बिंदूवर आपापली मर्यादा पाळली, तर त्यांच्या नॉर्म्सनाही एक सामायिक मर्यादा असते. आता ‘कम्प्लीट’ खोड. ज्यांत शेवटी नुसती शून्यंच उरतात अशा सिक्वेन्सेस घे, नॉर्म एल-टूचाच. पहिल्या फंक्शनलने पहिलं पद उचलून १ ने गुणायचं, शंभराव्याने शंभरावं पद उचलून १०० ने. कुठलाही बिंदू घे, थोड्या वेळाने सगळी उत्तरं शून्य, म्हणजे प्रत्येक बिंदूवर मर्यादा आहे. पण शंभराव्याचा नॉर्म १००, हजाराव्याचा १०००. थिअरम मोडला.

आता हीच फंक्शनल्स पूर्ण एल-टूवर आण. एन-वं पद एक भागिले एनचा पाऊण घात, अशी सिक्वेन्स घे. वर्गांची बेरीज सांत येते, म्हणजे ती एल-टूत आहे. तिच्यावर एन-वं फंक्शनल लावलंस की एनचा पाव घात येतो, आणि तो वाढतच जातो. मघाशी लबाडी लपली होती, कारण ती उघडी पाडणारी सिक्वेन्सच स्पेसच्या बाहेर राहिली होती. कम्प्लीट असणं म्हणजे असे साक्षीदार घरातच असणं. हे मला शिकवायला लागल्यावर सहाव्या-सातव्या वर्षी समजलं, तुला या आठवड्यात समजलं तर हेवाच वाटेल.

वहीचं खूळ माझं एकटीचं नाही बरं का. तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या ल्वुव शहरात बानाख आणि त्याची मित्रमंडळी स्कॉटिश कॅफेत बसून टेबलांच्या संगमरवरावरच गणितं लिहायची आणि मागाहून ती पुसली जायची. १९३५ मध्ये बानाखच्या बायकोने एक जाड वही आणून दिली, म्हणून प्रश्न टिकले. त्यातल्या एकावर त्यांच्यातल्याच माझुरने १९३६ मध्ये जिवंत हंसाचं बक्षीस लावलं. स्वीडनच्या पेर एनफ्लोने १९७२ मध्ये तो सोडवला आणि हंस खरंच मिळवला. आणि सोडवला म्हणजे काय, तर काउंटरएक्झाम्पल दिलं. उजवं पान!

बाकी किरकोळ. लिनिअर ॲल्जिब्रा आणि मेट्रिक स्पेस कच्चं असेल तर आधी ते, त्याला इलाज नाही. हान-बानाखमध्ये (फंक्शनल लहान स्पेसवरून मोठीवर नॉर्म न वाढवता नेता येतं, हा थिअरम) प्रूफातल्या झोर्नच्या लेमावर आठवडा घालवू नकोस, त्यातून काय निघतं ते बघ. एल-पी (एल-टूतल्या वर्गाच्या जागी पी घात) फंक्शन्सपेक्षा एल-पी सिक्वेन्सेसशी आधी दोस्ती कर, मेझर थिअरीचं ओझं तेवढं पुढे ढकललं जातं.

एक पान तू भर. शून्य ते एकवर सतत डेरिव्हेटिव्ह असलेली फंक्शन्स, नॉर्म सुप्रीमम, म्हणजे फंक्शनची सर्वांत मोठी निरपेक्ष किंमत. डेरिव्हेटिव्ह घेणं हा रेषीय ऑपरेटर, ग्राफ क्लोज्ड आहे, तपासून बघ. पण एक्सचा एन-वा घात घेतलास तर त्याचा नॉर्म १ आणि डेरिव्हेटिव्हचा एन. म्हणजे बाउंडेड नाही. मग ग्राफ क्लोज्ड असेल तर ऑपरेटर बाउंडेड असतो, असं सांगणारा क्लोज्ड ग्राफ थिअरम खोटा की काय? कुठली अट निसटली ते लिहून पुढच्या रविवारी चारनंतर घेऊन ये, त्याआधी मी झोपलेली असते. तलावपाळीला चक्कर मारू आणि बाकावर बसून मला समजावून सांग, वही न उघडता.

तुझी,
मावशी